छताला टांगलेले चारशे रेडिओ

न्यू जर्सीला अमेरिकेतले लोकच फारसं मनावर घेत नाहीत. न्यूयॉर्कला जाता-येता लागणारं राज्य, एवढीच त्याची ओळख. पण बिनतारी संदेशांच्या बाबतीत या राज्याचं घराणं मोठं आहे. पहिल्या महायुद्धात राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचे चौदा मुद्दे १९१८ साली अटलांटिक ओलांडून गेले, ते न्यू ब्रन्सविकजवळच्या मार्कोनी केंद्रावरून. अटलांटिकपार टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते हे शोधायला बेल लॅब्जने कार्ल जान्स्की नावाच्या तरुण इंजिनिअरला होल्मडेलच्या माळावर बसवलं. त्याने भलीमोठी अँटेना उभी केली, तिला फोर्डच्या मॉडेल टी गाडीची चाकं लावली आणि ती गोल फिरवत राहिला. खरखरीचा एक भाग थेट आकाशगंगेतून येतो आहे, हे त्याने १९३३ साली जाहीर केलं. पुढे १९६४ साली त्याच होल्मडेलमध्ये पेन्झियस आणि विल्सन या जोडीला अँटेनातली एक बारीक खरखर काही केल्या जाईना. त्यांनी आत राहणाऱ्या कबुतरांची घाण खरवडून काढली, कबुतरं हाकलली, तरी खरखर जागच्या जागी. ती विश्वाच्या आरंभाची उरलेली ऊब निघाली आणि १९७८ साली दोघांना नोबेल मिळालं.

मी टेलिफोन खात्यात उमेदवारीपासून निवृत्तीपर्यंत काढलेला माणूस. खरखर हा माझाही विषय. त्यामुळे न्यू जर्सीतल्याच एडिसनला भाचीकडे उतरलो असताना तिने विचारलं, "मामा, रविवारी आउटलेट मॉलला जायचं का?" तेव्हा मी म्हटलं, मॉल राहू दे, इथे जवळच रटगर्स विद्यापीठाची विनलॅब आहे, तिथे कुणी ओळखीचं निघतंय का बघ. एडिसनमध्ये मराठी माणसाला ओळख काढायला कितीसा वेळ लागतो! चहा निवायच्या आत साताऱ्याकडची एक मुलगी सापडली. तिथेच पीएचडी करणारी, आणि 'काका, नक्की या' म्हणणारी.

रूट वन हा रस्ता म्हणजे गाड्यांची दुकानं, मोटेल्स, पिझ्झा आणि पुन्हा गाड्यांची दुकानं. नॉर्थ ब्रन्सविकच्या हद्दीत, याच रस्त्यालगतच्या एका टेक्नॉलॉजी सेंटरमध्ये विनलॅब आहे. १९८९ साली, मोबाइल फोन विटेएवढे असताना, निव्वळ बिनतारी जाळ्यांचा अभ्यास करायला ही प्रयोगशाळा निघाली. बाहेरून बघाल तर विम्याचं ऑफिस वाटावं. आत शिरल्यावरही गालिचा, कॉफीचं यंत्र, फळ्यावर अर्धवट पुसलेली समीकरणं. मग मुलीने एक दार उघडलं आणि मी मान वर करून उभाच राहिलो.

छताला डबे टांगलेले. एका रांगेत वीस, आणि अशा वीस रांगा. चारशे. एकापासून दुसरा साधारण मीटरभर अंतरावर, ओळंब्याने लावल्यासारखे. प्रत्येक डबा म्हणजे एक अख्खा कॉम्प्युटर, त्यात रेडिओची कार्डं, बाजूंना अँटेनाच्या काड्या. खाली जमीन जवळजवळ मोकळी. खोलीत माणूस नाही. मी आयुष्यभर एमडीएफवर, म्हणजे एक्स्चेंजमधल्या तारा जोडायच्या चौकटीवर, जंपर ओढलेला, तारांच्या जंगलात वावरलेला. यंत्रांची एवढी दाटी आणि खाली फिरकायलाही कुणी नाही, हे दृश्य मला पचेना. "सुट्टी आहे का आज?" मी विचारलं. ती हसली. "आत्ता कुणीतरी वापरतंय काका. कुठून ते बघायला लागेल. कदाचित दुसऱ्या देशातून."

या छताचं नाव ऑर्बिट. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशातून ते बांधलं गेलं आणि २००५ साली सगळ्या संशोधकांना खुलं झालं. उभारणाऱ्यांचे म्होरके दीपंकर रायचौधुरी, खरगपूरच्या आयआयटीतून शिकून गेलेले. कल्पना ऐकायला साधी आहे. ज्याला उद्याच्या जाळ्याविषयी काही नवं सुचलं असेल त्याने यावं, म्हणजे इंटरनेटवरून यावं, वेळ राखून ठेवावा, चारशे खरे रेडिओ आपल्या ताब्यात घ्यावेत, आपलं डोकं त्यांच्यात घालावं आणि खऱ्या हवेत काय होतं ते बघावं.

पण हा खटाटोप कशासाठी? कॉम्प्युटरवर सगळं गणिताने काढता येत नाही का? माझा हाच प्रश्न होता, आणि मुलगी त्याचीच वाट बघत असावी. तिने सांगितलेली हकीकत मला फार आवडली. डार्टमाउथ कॉलेजच्या डेव्हिड कोट्झ आणि सहकाऱ्यांनी २००३ साली एक चिकित्सा केली. बिनतारी जाळ्यांवरचे शोधनिबंध तपासले आणि सिम्युलेशन करणारे लोक न बोलता काय काय धरून चालतात, त्याची यादी काढली. एक, जग सपाट आहे. दोन, रेडिओचा आवाका म्हणजे कंपासने काढलेलं वर्तुळ. तीन, सगळ्या रेडिओंचा आवाका सारखा. चार, मला तुझं ऐकू येतं म्हणजे तुलाही माझं येतं. पाच, थोडं जरी ऐकू आलं तरी शब्दन् शब्द ऐकू आला. सहा, आवाजाचा जोर फक्त अंतरावर ठरतो. मग त्यांनी खरे रेडिओ घेतलेल्या माणसांना मैदानात फिरवून मोजमाप केलं, आणि ही गृहीतकं लंगडी ठरली. चौथ्या गृहीतकासाठी खरं तर मैदानात जायची गरज नव्हती. कुठल्याही विवाहित माणसाने घरबसल्या सांगितलं असतं.

तर गणित हवंच, पण हवा गणिताचं ऐकत नाही. आता पुढची अडचण. खोली पडली चार भिंतींची, आणि प्रयोग करायचा आहे गावभर पसरलेल्या जाळ्याचा. मीटरभर अंतरावरचे दोन रेडिओ एकमेकांना खणखणीत ऐकणारच. ते मैलभर लांब आहेत असं भासवायचं कसं? ऑर्बिटवाल्यांची युक्ती अशी की खोलीत मुद्दाम गोंगाट सोडायचा. यंत्राने तयार केलेली खरखर हवेत मिसळायची आणि हवी तेवढी वाढवायची. लग्नाच्या मांडवात बँड सुरू झाला की शेजारी बसलेल्या मामांशीही ओरडून बोलावं लागतं, आणि पलीकडच्या रांगेतली माणसं तर परगावी गेल्यासारखी होतात, तेच इथे. अंतर वाढवता येत नाही, म्हणून ऐकू येणं कमी करायचं. ज्या खरखरीला शिव्या घालण्यात माझी नोकरी गेली, ती इथे मापून, मोजून, बटणावर सोडतात, हे कळल्यावर मी तिथल्या एकुलत्या खुर्चीवर बसून घेतलं.

तिने माझ्यासाठी एक छोटा प्रयोग लावला. आधी आरक्षण. ठरलेला वेळ तुमचा, तो संपला की पुढच्याचा. मग कॉम्प्युटरवर एक आज्ञा दिली, तिने ठरावीक डबे जागे झाले. प्रत्येक डब्याला लांबूनच चालू-बंद करायची सोय आहे, कारण नव्या कल्पनांनी यंत्र गोठणं हे रोजचंच. दर वेळी शिडी लावून कोण चढणार? नंतर दुसऱ्या आज्ञेसरशी तिची अख्खी प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमसकट सगळं, त्या डब्यांच्या डिस्कवर उतरू लागलं. सगळ्यांवर एकदम. हे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव फ्रिस्बी, खेळातली थाळी असते तीच. युटा विद्यापीठात एम्युलॅब नावाची अशीच एक जुनी सोय आहे, तिथून ते आलेलं. एकाने फेकायची आणि शेकड्यांनी एकाच वेळी झेलायची. पडद्यावर ओळी सरकत होत्या: हा डबा तयार, तो तयार. दोघांनी उत्तरच दिलं नाही.

"हे रुसलेत," ती म्हणाली. "चारशे खऱ्या वस्तू म्हटल्या की दोन-चार रुसलेल्या असणारच. सिम्युलेशनमध्ये कुणी रुसत नाही, हीच तर गंमत आहे."

प्रयोग एवढाच होता की एका कोपऱ्यातून निघालेला निरोप डब्या-डब्यांतून उड्या मारत दुसऱ्या कोपऱ्यात किती वेगाने पोचतो ते बघायचं. निरोप पोचला. तिने तोच प्रयोग पुन्हा लावला, अक्षराचाही बदल न करता. आकडा वेगळा आला. पुन्हा लावला, आणखी वेगळा. मी तिच्याकडे बघितलं. तिला त्यात नवल नव्हतं. एकाच कारखान्यातली, एकाच नमुन्याची दोन कार्डंसुद्धा सारखी ओरडत नाहीत. ऊन-वारा नसला तरी हवेत दुसरं काही चालू असतं. म्हणून एका आकड्यावर इथे कुणी विश्वास ठेवत नाही. प्रयोगाची सगळी कृती लिहून ठेवायची, आकडे आपोआप वहीत, म्हणजे डेटाबेसमध्ये, पडत राहतील असं करायचं, आणि ती कृती उद्या परक्या माणसाने वाचून इथेच पुन्हा करून पाहावी अशी सोय ठेवायची. त्याच्या हातूनही निकाल तसाच आला, तर तुमचं म्हणणं टिकलं. आपला शोध परक्याने येऊन खोडून दाखवावा यासाठी एवढी बैठक मारणारी माणसं मी पहिल्यांदाच बघितली. आमच्याकडे फॉल्ट बंद झाला की वहीत 'टेस्टेड ओके' लिहून सगळे मोकळे.

शेजारच्या भागात दुसरी नवलाई. एका चौकटीवर रुळांवरून मागेपुढे, आडवीउभी सरकणारी अँटेना, आणि तिच्यासमोर तशीच दुसरी. ही २८ गिगाहर्ट्झची. तळहातावर मावेल अशी चकती आणि त्यात आठ गुणिले आठ, चौसष्ट अँटेना. काहीही न हलवता, निव्वळ विजेच्या हिशेबाने ही चकती आपला झोत हव्या त्या दिशेला वळवते. मुंबईच्या अस्मिता वाहिनीची ५५८ किलोहर्ट्झवरची लहर अर्ध्या किलोमीटरहून लांब असते. डोंगर, घरं, माणसं यांची तिला पर्वा नाही. आणि ही इथली लहर जेमतेम सेंटिमीटरभर. माहिती प्रचंड वाहून नेते, पण नाजूक किती! मुलगी म्हणाली, "काका, मध्ये हात धरा." मी धरला. पडद्यावरची रेघ धाडकन खाली आली. हात काढला, वर गेली. मी पुन्हा धरला, पुन्हा काढला. लहान मूल दिव्याच्या बटणाशी खेळतं त्या वयात मी नाही, पण सोडवेना.

मग साहजिकच पुढचा प्रश्न आला. खोलीत हाताने ही गत, तर शहरात काय? त्याचं उत्तर पाहायला न्यूयॉर्कला जावं लागतं.

मॅनहॅटनच्या उत्तरेला वेस्ट हार्लेम. तिथला सुमारे एक चौरस मैलाचा भाग कोलंबिया, रटगर्स आणि न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी यांनी, सिटी कॉलेज व महापालिकेला बरोबर घेऊन, प्रयोगशाळाच करून टाकला आहे. नाव कॉसमॉस. २०१८ साली निवड झालेली ही योजना. सरकार आणि उद्योग यांनी मिळून दहा कोटी डॉलर काढले आणि देशात असे चार मुलूख उभे करायचं ठरवलं. हा त्यातला एक. गच्च्यांवर रेडिओ, जमिनीखालून काचतंतूंच्या जोडण्या, त्या जोडण्या थेट दक्षिण मॅनहॅटनमधल्या डेटा सेंटरपर्यंत. रेडिओवर प्रयोग करायचे म्हणजे परवाने आले. तर अमेरिकेच्या एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, २०१९ साली हा भाग आणि युटातला एक भाग 'इनोव्हेशन झोन' ठरवून ती वाट सोपी करून दिली.

एक नंबरची सबवे घेऊन ११६व्या रस्त्यावर उतरलो, कोलंबियाचं आवार ओलांडून ॲम्स्टरडॅम अव्हेन्यू आणि १२०व्या रस्त्याच्या चौकात उभा राहिलो. समोर मड नावाची इंजिनिअरिंगची इमारत. पाटी नाही, तिकीट नाही. बेगल घेऊन पळणारी पोरं, स्ट्रोलर ढकलणाऱ्या आया, हॉर्न. या चौकावर इमारतीतून कॅमेरे रोखलेले आहेत, काही खालच्या मजल्यांवरून, एक बाराव्यावरून. बाराव्या मजल्यावरून माणसाचा चेहरा कळत नाही, नुसता ठिपका दिसतो, आणि इथे ठिपकाच हवा आहे. चौकात कोण कुठून कुठे चाललंय हे यंत्राने ओळखायचं आणि गाडीला वेळेत सावध करायचं, असा हा अभ्यास. वेळेत म्हणजे किती? ताशी चाळीस किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात मीटरभराहून पुढे सरकते. चित्र दूरच्या राज्यातल्या संगणकाकडे पाठवून उत्तराची वाट बघायला तेवढाही अवकाश नाही. म्हणून संगणक गल्लीतच हवा. ही गोष्ट वाचून कळते, पण चौकात उभं राहून, लाल दिव्याला न जुमानता पळणारा न्यूयॉर्ककर बघितला की पटते.

मला तिथल्या खिडक्यांनी जास्त गुंतवलं. कोलंबिया आणि नोकिया बेल लॅब्जच्या लोकांनी या वस्तीत २८ गिगाहर्ट्झची लहर रस्त्यावरून घरात कितपत शिरते, हे इमारतींतून, एका सरकारी शाळेतूनही, मोजलं. भिंत तर अडवतेच. पण काचही कुठली आहे यावर सगळं अवलंबून. जुनी साधी काच असेल तर लहर बऱ्यापैकी आत येते. आणि नवी, वीज वाचवणारी, धातूचा अदृश्य मुलामा दिलेली काच असेल तर साध्या काचेच्या मानाने आत पोचणारी ताकद शंभरावा भाग किंवा त्याहूनही कमी होऊ शकते. म्हणजे ऊब राखायला लावलेली काच फोनच्या तोंडावर दार लावते. जुनाट चाळवजा इमारतीत उत्तम नेटवर्क आणि शेजारच्या चकचकीत टॉवरमध्ये ठणठणाट! कुठल्याही जाहिरातीत हे सांगत नाहीत.

या आखूड लहरींना मिलिमीटर लहरी म्हणतात, आणि त्यांच्या धाडसाचा मोठा भाग याच शहरात घडला. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचे थिओडोर रॅपापोर्ट आणि त्यांचे विद्यार्थी मोजणीची यंत्रं घेऊन न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर आणि टेक्सासातल्या ऑस्टिनमध्ये फिरले. एवढ्या लहान लहरींवर मोबाइल चालणार नाही असं जाणकार म्हणत असताना, 'चालेल!' असं शीर्षकातच ठणकावणारा निबंध त्यांनी २०१३ साली छापला. इमारतींवर आपटून परतणाऱ्या लहरीही कामाला येतात, हे त्यांना रस्त्यावर सापडलं.

उरलेले मुलूख मी पाहिले नाहीत, फक्त ऐकले. युटात सॉल्ट लेक सिटीला विद्यापीठाच्या बसगाड्यांवर रेडिओ बसवलेत. विद्यार्थ्यांना सोडता सोडता प्रयोग होतो. नॉर्थ कॅरोलिनात ड्रोन उडवतात. आयोवात एम्स गावाभोवती मक्याच्या शेतांतून जाळं पसरलंय, कारण खेड्यात अंतरं मोठी आणि गिऱ्हाईक थोडं, तिथे शहराचा हिशेब चालत नाही. आणि एक याच्या अगदी उलट्या जातीचं प्रकरण आहे, कलोसियम. डार्पा या संरक्षण खात्याच्या संस्थेने ते मेरीलँडमध्ये बांधलं, आता ते मॅसॅच्युसेट्समध्ये नॉर्थईस्टर्न विद्यापीठाकडे आहे. रेडिओ दोनशे छप्पन्न, खरेखुरे. पण हवा नाही. सगळे तारांनी जोडलेले आणि मधली हवा, भिंती, अंतरं हे सगळं कॉम्प्युटर रचतो. यावर तीन वर्षं स्पर्धा चालली: कुणालाही ठरावीक पट्टा न देता, अनोळखी संघांच्या रेडिओंनी आपसांत समजुतीने हवा वाटून घ्यायची. २०१९ साली लॉस एंजेलिसला अंतिम फेरी झाली, फ्लोरिडा विद्यापीठाच्या गेटरविंग्ज संघाने वीस लाख डॉलर नेले. माझा कल मात्र ऑर्बिटकडे आणि हार्लेमकडे. हवा रचता येते, पण मघाशी मी मध्ये धरला तसला आगंतुक हात कोण रचणार?

आपल्याकडेही काही घडतंय. १७ मे २०२२ रोजी फाइव्ह-जीचा स्वदेशी टेस्टबेड, म्हणजे असलीच एक प्रयोगभूमी, खुला झाला. मद्रास आयआयटीच्या पुढाकाराने आठ संस्थांनी, सुमारे २२० कोटी रुपये खर्चून उभा केलेला. त्या आठांत पवईची आयआयटी आणि तिथलीच 'समीर' ही संस्थाही आहे. तोवर आपल्या कंपन्यांना नवं यंत्र तपासायला परदेशी पाठवावं लागे. परतल्यावर पुण्यातल्या ओळखीच्या अभियांत्रिकी प्राध्यापकांना मी हे सांगितलं, तेव्हा निम्म्यांना ते माहीत होतं आणि वापरलं मात्र कुणीच नव्हतं.

तेव्हा शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा घेणाऱ्या परीक्षकांना एक विनंती आहे. नेटवर्कवर प्रोजेक्ट केलेल्या मुलाने सुरेख चढता आलेख दाखवला की हा कुठल्या यंत्रावर काढलास, असं विचारा. 'सिम्युलेशन' असं उत्तर आलं तर गुण कापू नका. पोराचा दोष नाही तो. फक्त पुढचा प्रश्न टाळू नका: त्यात खिडकीची काच कुठली धरली होतीस, आणि मध्ये माणूस आला तेव्हा काय झालं?